बंद कोळसाखाणीच्या जागेवर वन्यजीव क्षेत्र : वर्धा खोऱ्यातल्या गावांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वणी, भद्रावती, राजुरा, घुग्घुस, तिकडे उमरेड आणि सावनेर. या पट्ट्यातल्या जुन्या खाणींतला कोळसा एकेक करून संपत चाललाय. डंपरांची वर्दळ थांबते, कंत्राटी पोरं दुसऱ्या खाणीवर जातात आणि गावाच्या शिवेला मातीचे डोंगर अन् पाण्याने भरलेला खड्डा राहतो. मग ‘तिथे जंगल होणार’, ‘अभयारण्य होणार’ अशी बातमी पानठेल्यावर पोचते आणि ग्रामसभेत प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न जसे विचारले जातात तसेच इथे घेतलेत. जिथे घोळ जास्त, तिथे उत्तर लांबलंय.

कोळसा काढणं थांबलं. म्हणजे खाण बंद झाली ना?

नाही. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदी आराखड्याच्या मार्गदर्शक सूचना आणल्या. त्यानुसार खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने जमीन सावरत जायची आणि शेवटी अंतिम आराखडा मंजूर करून घेऊन मगच खाण रीतसर मिटवायची. आपल्याकडच्या बऱ्याच ‘बंद’ खाणी म्हणजे फक्त उत्पादन थांबलेल्या खाणी. जमीन कंपनीच्या ताब्यात, फाटकावर पहारेकरी, आत सामसूम.

२००९ च्या आधीच थांबलेल्या खाणींचं दुखणं निराळं. त्यांच्यासाठी ना आराखडा होता ना बाजूला काढलेला पैसा. त्यांच्याबद्दल मंत्रालयाने २०२२ मध्ये वेगळ्या सूचना काढल्या. आणि वरोऱ्याची सरकारी खाण तर इंग्रजांच्याच काळात सुरू होऊन बंदही पडली, तेव्हा असला विचार कोण करणार होतं?

म्हणून कुणी गावात येऊन ‘इथे वन्यजीव क्षेत्र करू’ म्हणालं की आधी विचारायचं, या खाणीचा अंतिम आराखडा मंजूर झालाय का आणि कोणत्या तारखेला? तोवर बाकी सगळी चर्चा बाजारात तुरी.

आमच्या बापाची वावरं खाणीत गेली. कोळसा संपला तर परत का मिळत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर कुणालाच आवडत नाही. एका खाणीखाली सहसा तीन प्रकारची जमीन असते आणि तिघींचं नशीब वेगळं.

पहिली, शेतकऱ्यांकडून घेतलेली. ती बहुतेक ठिकाणी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतली गेली. या कायद्याने जमीन पूर्णपणे सरकारची आणि तिथून कंपनीची होते. कोळसा संपल्यावर मूळ मालकाला परत देण्याची तरतूद त्यात नाही. प्रकल्पग्रस्तांची मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे, पण कायदा बदलल्याशिवाय नुसत्या अर्जाने सातबारा फिरणार नाही. २०२२ मध्ये केंद्राने कोळसा काढून झालेली जमीन इतर कामांना भाड्याने द्यायचं धोरण मंजूर केलं. त्या कामांच्या यादीत वीज प्रकल्प आहेत, कोल वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना) आहे, पुनर्वसन आहे, पर्यायी वनीकरणही आहे. मूळ शेतकऱ्याला शेती परत, हे त्यात नाही.

दुसरी, वनजमीन. ही १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली खाणीला वापरायला दिलेली असते. तिचा कायदेशीर दर्जा जंगलाचाच राहतो, म्हणजे आज तिथे शंभर फुटांचा खड्डा असला तरी कागदावर ते जंगलच. काम झाल्यावर ती सावरून वनविभागाला परत करणं ही कंपनीची जबाबदारी. वन्यजीव क्षेत्राची सुरुवात करायला हीच जमीन सर्वांत सोपी.

तिसरी, महसुली. गुरचरण, वणीकडे ई-क्लास (सरकारी पडीत-चराईची जमीन), पूर्वेकडे झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची सरकारी जमीन). झुडपी जंगलाचा वाद नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत कित्येक दशकं चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच आहे असा निकाल दिला. खाणीच्या नकाशात झुडपी जंगलाचे गट असतील तर ते आता निराळे दाखवून मागायला हवेत.

हे तीन रंग नकाशावर भरल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही. तलाठ्याकडचा नकाशा, खाणीचा लीज नकाशा आणि वनविभागाचा नकाशा एकावर एक ठेवले की बऱ्याचदा तिघांच्या तीन तऱ्हा निघतात.

तिथे वाघ सोडणार आहेत का?

सोडायची गरजच नाही, तो आलेला आहे.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे निघालं की दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणी लागतात. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आणि बफर (भोवतालचा पट्टा) मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर होतात. जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ आहेत आणि त्यातले कितीतरी प्रकल्पाच्या बाहेर. आईपासून सुटलेला तरणा वाघ नवी जागा शोधत निघतो, तेव्हा त्याला काय लागतं? मे महिन्यात पाणी, आडोशाला झुडूप, खायला रानडुक्कर आणि माणसांचा वावर कमी. जुन्या खाणीत हे चारही मिळतं. वर फाटकावर ‘प्रवेश मनाई’चा बोर्ड, म्हणजे त्याच्यासाठी आयताच बंदोबस्त. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात आणि शेजारच्या दुर्गापुरात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली. ती काही घनदाट जंगलात गेली नव्हती.

तेव्हा खरा प्रश्न असा की जनावर बिनयोजनेच्या जागेत राहावं की विचार करून आखलेल्या जागेत? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, आणि ते वाघाच्या प्रेमापेक्षा गावाच्या काळजीने जास्त आहे. आखणी म्हणजे काय, तर दाट झाडोरा गावापासून लांबच्या अंगाला ठेवायचा. गाव आणि झाडोरा यांच्यामध्ये उघडं, आखूड गवताचं मैदान, म्हणजे जनावर दुरून दिसेल. पाणवठा पलीकडच्या बाजूला. वस्तीकडच्या रस्त्यावर दिवे. घरोघरी संडास वापरात. आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कोंबडी-मटणाच्या दुकानांचा कचरा: तो खाणीच्या कडेला टाकला की कुत्री आणि डुकरं येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. बिबट्याचा अर्धा बंदोबस्त ग्रामपंचायतीच्या कचरागाडीने होतो, पण ते सांगितलं की लोक हसतात.

या जागांचं मोल आणखी एका कारणाने आहे. ताडोब्यातून वाघ उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याकडे जातात, दक्षिणेला कन्हाळगाव आणि तेलंगणातल्या कवालकडे जातात, वर्धा नदी ओलांडून यवतमाळकडेही जातात. या वाटा शेतांतून, रेल्वेरुळांवरून आणि खाणींच्या मधून जातात. २००९ मध्ये जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना ताडोब्याजवळच्या लोहारा कोळसा ब्लॉकला नकार मिळाला, तो याच कारणाने. नवी खाण वाट अडवते. जुनी खाण नीट सावरली तर वाटेतला थांबा होऊ शकते.

अभयारण्य झालं की आमचं येणं-जाणं बंद होणार. मग आम्ही का हो म्हणावं?

अभयारण्यच व्हायला पाहिजे असं कुठे आहे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आणखी दारं आहेत.

अभयारण्य करताना जिल्हाधिकारी लोकांच्या हक्कांची चौकशी करतात, काही हक्क राहतात, काही जातात, आणि भोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र लागतं. त्याला गावाची धास्ती असणं स्वाभाविक आहे. पण २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात दोन नवे प्रकार आले. कलम ३६-अ चं संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर, विशेषतः अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात करता येतं. ते जाहीर करण्याआधी स्थानिकांशी चर्चा बंधनकारक आहे आणि त्याच्या समितीवर त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. दुसरं सामुदायिक राखीव, कलम ३६-क, जिथे गावाने किंवा जमीनमालकाने स्वतःहून जागा द्यायची असते. दोन्हींत शिकार, वणवा लावणं, पाण्यात विष किंवा सुरुंग टाकणं याला बंदी आहे. रस्त्याने जाणं, सरपण वेचणं याला सरसकट बंदी नाही.

नागपूर जिल्ह्यातली मुनिया आणि मोगरकसा ही संवर्धन राखीव क्षेत्रं आपल्याला जवळची. खाणीच्या जागेसाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. अडचण एकच: जमीन केंद्राच्या मालकीची असेल तर आधी केंद्राची संमती लागते. म्हणजे राज्याचा वनविभाग, केंद्राचं कोळसा खातं आणि मधे आपण. फाईल नागपूर-मुंबई-दिल्ली फिरणार, हे गृहीत धरून चाला.

वनजमीन परत आली की २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करता येतो का, हेही ग्रामसभेने तपासावं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. तिथल्या जंगलाचा कारभार गाव बघतं आणि जंगल जागेवर आहे.

मातीच्या डोंगरावर जंगल उगवतं का? नुसतं सुबाभूळ लावून फोटो काढतात.

फोटोचं खरं आहे. जंगल मात्र उगवू शकतं, घाई केली नाही तर.

एखाद्या ढिगाऱ्यावर पावसाळ्यानंतर चढून बघा. पायाखाली राखाडी शेलचे, म्हणजे थराथरांच्या ठिसूळ दगडाचे पापुद्रे, चपलेखाली आले की कुरकुर मोडतात आणि त्यांची भुकटी होते. मधूनच पिवळा-तांबडा वाळूखडक. कडेला पावसाने पाडलेल्या घळी, काही कमरेइतक्या खोल. सपाट जागी तरोटा माजलेला, थोडं गाजरगवत, एखादी रुई. काळी माती दिसतच नाही. ती गेली कुठे? खाण उघडताना वरचा काळ्या मातीचा थर आधी निघाला आणि आधी टाकला गेला, म्हणून तो तळाशी गाडला गेला. जमिनीच्या पोटातला, कधी ऊन न पाहिलेला दगड वर आला. त्यात सेंद्रिय अंश नाही, नत्र नाही, बुरशी-जिवाणू नाहीत. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांवर असताना ते काळपट शेल तापलेल्या तव्यासारखं होतं, रोपाचं खोड मातीलगत भाजतं. लावलेल्या झाडांतली बरीचशी पहिल्या मे महिन्यात मरतात ती याने, पाणी घातलं तरी.

म्हणून नियम असा आहे की वरची माती वेगळी साठवायची आणि शेवटी वर पसरायची. जिथे ती साठवलेली आहे तिथे अर्धं काम झालं. पण आपल्या काळ्या मातीची एक खोड आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि उतारावर घसरते. वर्धा खोऱ्यातले ढिगारे ढासळतात त्यात या मातीचाही हात असतो. म्हणून काळी माती सपाट पायऱ्यांवर, उतारावर फक्त पातळ थर आणि त्यावर लगेच गवत. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याचा अंतिम उतार सहसा २८ अंशांपेक्षा जास्त नसावा असं असतं. साध्या डोळ्यांना ते कळत नाही, पण माणूस हात न टेकता चढू शकतो का एवढं बघितलं तरी अंदाज येतो.

माती साठवलीच नसेल तर? नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर यावर काम केलंय: साखर कारखान्याची मळी (प्रेसमड), नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी खड्ड्यात घालून झाडं लावायची. बोडक्या ढिगाऱ्यावर झाडी उभी राहिली. हे खर्चाचं आहे, पण मेलेल्या रोपांच्या जागी दरवर्षी नवी रोपं लावण्यापेक्षा स्वस्त पडतं.

क्रम महत्त्वाचा. आधी गवत: मारवेल, पवन्या, कुसळी. कुसळीने पायजमे भरतात, पण उतार तीच धरते. बी दिवाळीनंतर शिवारातल्याच धुऱ्यांवरून आणि पडीतातून गोळा करायचं. बाहेरून ट्रकने मागवायचं नाही. त्याच्यासोबत शेंगा धरणारी काटक झाडं: हिवर, बाभूळ, खैर, पळस, करंज, आणि बोर. बोराला पाखरं येतात, पाखरांच्या विष्ठेतून पुढचं बी येतं. चार-पाच वर्षांनी सावली आणि पालापाचोळा झाला की मग मोह, तेंदू, चारोळी, ऐन, धावडा. मोह पहिल्याच वर्षी शेलमध्ये लावणं म्हणजे मोहाला शिक्षा. आणि सागाची रांगच्या रांग लावायची सवय इथे तरी सोडावी. सागाखाली गवत नीट होत नाही आणि गवत नसेल तर चितळ, रोही थांबत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० ला असाच निकाल दिला होता, की खाणमालकांनी खणलेल्या जागेवर पुन्हा गवत लावून ती चारा, झाडं आणि प्राण्यांच्या वाढीला योग्य करावी. सरन्यायाधीश तेव्हा आपल्या नागपूरचेच शरद बोबडे होते. निकालात झाडांच्या आधी चाऱ्याचं नाव आहे, हे ग्रामसभेच्या ठरावात जरूर लिहा.

वेडी बाभूळ आपोआप आली आहे. हिरवं तर हिरवं, राहू द्यावी का?

एकदम काढू नये आणि ठेवूही नये. विलायती, म्हणजे वेडी बाभूळ बोडका उतार धरते हे खरं. पण तिच्या खाली दुसरं काही येऊ देत नाही आणि तिची जाळी म्हणजे रानडुक्कर-बिबट्याचा वाडा. गावाकडच्या बाजूची आधी, मुळासकट काढा. नुसती तोडली तर दुप्पट फुटते. आतल्या उतारांवरची पट्ट्यापट्ट्याने काढत त्या जागी गवत आणि हिवर येऊ द्या. सरपण गावाला मिळतं, हा वरचा फायदा.

आमची ढोरं कुठे चारायची?

पहिले तीन पावसाळे आत नाही. हे सरळ सांगितलेलं बरं. कोवळ्या गवतावर खूर पडले की घळ सुरू होते आणि मग सगळं वाहून जातं. त्या बदल्यात कापून न्यायची मुभा असावी: गवत बी धरून झाल्यावर, ठरलेल्या दिवशी, विळ्याने. नंतर पाळीपाळीने काही पट्टे खुले करता येतात. गुराख्यांना समितीत घ्या. कुठल्या घळीत काय बसलंय ते त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं.

खड्डा बुजवणार की तसाच ठेवणार?

पूर्ण बुजणं अवघड असतं. सुरुवातीची माती बाहेर डोंगर करून ठेवली जाते, पुढची माती मागच्या रिकाम्या जागेत भरत खाण सरकत जाते आणि शेवटचा खड्डा उरतो. बाहेरचा डोंगर उचलून त्यात टाकायला जेवढा खर्च येतो तेवढा कुणी करत नाही. मग पाऊस आणि भूजल भरून तलाव होतो.

तलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मालगुजारी तलाव येतो, हळूहळू खोल होत जाणारा, काठाला लव्हाळा. खाणीचा तलाव तसा नसतो. काठावरून एक पाऊल टाकलं की खाली कितीतरी फूट पाणी. त्यात बगळा उभा राहू शकत नाही, पाणकणीस रुजत नाही, पाणी प्यायला उतरलेलं जनावर घसरलं तर वर येऊ शकत नाही. म्हणून किमान दोन-तीन बाजूंनी काठ फोडून उथळ, पसरट उतार करावाच लागतो. गुडघाभर पाण्याचा पट्टा झाला की अडई, हळदी-कुंकू बदकं, तुतवार येतात. एक उभी भिंत मात्र लोकांच्या वाटेपासून दूर तशीच ठेवावी, कारण तिच्या कपारींत शृंगी घुबड घरटं करतं.

काठ सावरल्याशिवाय लोकांना पाण्याजवळ नेऊ नये. जर्मनीत नाखटरस्टेट इथे जुन्या लिग्नाइट खाणीच्या तलावाचा काठ १८ जुलै २००९ ला घरांसकट पाण्यात गेला आणि तीन माणसं दगावली. तिथेही सुंदर तलाव होता.

काही ठिकाणी खड्ड्यात वीज केंद्राची राख भरायची योजना असते आणि नियमांत तशी सोय आहे. जिथे पाणथळ आणि वन्यजीव क्षेत्र करायचंय तिथे राखेला माझा विरोध आहे.

त्या पाण्यावर आमचा नळ चालेल का?

तपासल्याशिवाय नाही. खाणीचं पाणी दिसायला निवळ असतं, म्हणूनच फसतं. त्यात सल्फेट आणि विरघळलेले क्षार जास्त असू शकतात, आणि आपल्या पट्ट्यात फ्लोराइड आधीच छळतंय. पिण्याच्या पाण्याच्या मानकात फ्लोराइडची शेवटची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम, सल्फेटची ४००, एकूण क्षारांची २,०००. उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यानंतर एक, असे दोन नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या. पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून बाटलीत भरलं गेलंय, म्हणजे ते होऊ शकतं. पण शुद्धीकरण करून, तसंच नाही.

जमिनीतून धूर येतो, कुठे भेग पडते. अशा जागेत लोकांना फिरवणार?

तिथे नाही. उरलेल्या कोळशाला हवा लागली की तो आतल्या आत धुमसतो. आणि जिथे भूमिगत खाण होती तिथे वरची जमीन बसू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला एक अख्खं घर डोळ्यांदेखत जमिनीत गेलं. भूमिगत खाणींचे जुने नकाशे मागवून खचणारा भाग आधी कुंपणाबाहेर काढायचा. आग असलेली जागा माती-चिकणमातीने दाबून हवा तोडायची. तोवर त्या बाजूला ना पायवाट, ना मनोरा.

पैसा कोण देणार?

खाण चालू असतानाच कंपनीने एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरायचे असतात. २००९ च्या सूचनांत हा दर खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगतला १ लाख रुपये होता, पुढे वाढला. केलेलं काम तपासून कोळसा नियंत्रक तो पैसा सोडतात. त्याखेरीज २०१५ पासूनचं जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधित भागासाठीचा जिल्ह्याचा निधी आहे. पर्यावरण आणि पिण्याचं पाणी त्याच्या प्राधान्यात येतात. प्रत्यक्षात तो निधी रस्ते-सभागृहांकडे ओढला जातो, आणि तसा ओढणाऱ्यांत आपलेच लोक असतात.

लावणीला पैसा मिळतो. राखणीला मिळत नाही. दहा वर्षांच्या राखणदाराचा पगार कुठल्या खात्यातून, हे लेखी घ्या.

दुसरीकडे कुठे झालंय का?

अमेरिकेत ओहायो राज्यात एका कोळसा कंपनीने १९८६ मध्ये सुमारे नऊ हजार एकर खणलेली जमीन ‘द वाइल्ड्स’ या वन्यजीव उद्यानासाठी दिली. १९९४ पासून ते लोकांना खुलं आहे. गेंडे चरतात तिथे. केंटकी राज्यात १९९७ पासून एल्क हरणं सोडली, ती जुन्या खाणींच्या गवताळ माळांवर वाढली. पण त्यांचा एक अनुभव आपल्याला जास्त उपयोगी आहे. खाणीची जमीन सावरण्याच्या १९७७ च्या कायद्यानंतर तिथे उतार सावरायचा म्हणून बुलडोझरने माती इतकी दाबली की त्यावर गवत आलं, झाडांची मुळं उतरेनात. नंतर पुन्हा खोल नांगरून माती सैल करावी लागली. आपल्याकडेही सपाट जागा डंपरच्या चाकांखाली दगड झालेली असते. लावणीआधी ती फोडा.

आपल्याजवळ छत्तीसगडमध्ये सूरजपूर जिल्ह्यात केनापारा इथे खाणीच्या तलावावर नौकाविहार चालतो, आणि सावनेरला २०१६ पासून इको पार्क आहे, जिथे भूमिगत खाण बघता येते. दोन्ही चांगली आहेत. ती वन्यजीव क्षेत्रं नव्हेत, बागा आहेत. प्रस्तावात नेमकं काय मागतोय ते आधी ठरवा.

जिप्सी, रिसॉर्ट, रोजगार?

ताडोब्यासारखं नाही होणार. लोक ताडोब्याला वाघ बघायला येतात, पाच वर्षांच्या हिवराच्या रोपांना बघायला नाही. बफरमधल्या आगरझरीला फुलपाखरू उद्यान, नौका हे गावाच्या समितीमार्फत चालतं. तेवढ्या मापाचं काही जमेल. पक्षी बघायचा मनोरा, शाळांच्या सहली, रोपवाटिका, बी गोळा करायची मजुरी. पहिल्या दहा वर्षांत खरा रोजगार मातीकाम आणि राखणीत आहे. तो गावालाच मिळेल, बाहेरच्या कंत्राटदाराला नाही, ही अट आताच घाला.

रोही अन् डुकरं आधीच पऱ्हाटी-तूर खातात. वाढली तर?

वाढतील. खाणीच्या आत गवत चांगलं झालं तर काही रोही आत थांबतात, डुकरं मात्र वावरात येणारच. सौर कुंपणाला अनुदान आहे, ते शिवेच्या कडेने सामूहिक घ्या. एकट्याने घेतलं की डुक्कर शेजाऱ्याकडे जातं आणि भांडण आपल्याकडे येतं. कुंपणात घरची वीज सोडू नका, त्यात वाघ मरतो तसा माणूसही मरतो. जनावराने गुरं मारली तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा आणि पंचनाम्याआधी मढं हलवू नका. माणूस गेला तर राज्य सरकारची मदत २०२३ पासून २५ लाख रुपये आहे. तेंदू-मोहाच्या हंगामात, एप्रिल-मे मध्ये, पहाटे एकट्या बाईने खाणीच्या कडेला जाऊ नये, हे दवंडी देऊन सांगायला हवं.

कंपनी म्हणते सौर प्रकल्प करू.

सपाट, रस्त्यालगतच्या, आधीच दगड झालेल्या भागावर करू द्या. पाणवठा आणि जंगलाला जोडणारा पट्टा सोडून. दोन्ही एका जागेत बसू शकतं, पण नकाशावर आधी आपला पट्टा काढला तर.

ग्रामसभेने सुरुवात कशाने करावी?

कागदांनी. खाणबंदी आराखडा, पर्यावरण मंजुरीचं पत्र, दर सहा महिन्यांचा अटीपूर्तीचा अहवाल, वनजमीन वळवल्याचा आदेश. सहामाही अहवाल सार्वजनिक असतात, बाकी माहितीच्या अधिकारात मागा. मग तीन-चार जाणत्या गुराख्यांना आणि शाळेतल्या पोरांना घेऊन एक पावसाळा अन् एक उन्हाळा नोंदी ठेवा: कुठे पाणी टिकतं, कुठे ठसे दिसतात, कुठे धूर. तारीख आणि जागा लिहिलेली वही असली की अधिकाऱ्यापुढे बोलणं सोपं जातं. ठरावात ‘अभयारण्य’ असा मोघम शब्द नको. गट क्रमांक, कलम, चराईची अट, राखणदाराचा पगार, सगळं घाला.

खड्ड्यात पोरं मासे धरतात. खाल्ले तर चालतात का?

पाण्याची तपासणी होईपर्यंत खाऊ नयेत. आणि तपासताना प्रयोगशाळेला जड धातू बघायला वेगळं सांगावं लागतं, नेहमीच्या तपासणीत ते येत नाहीत. धरायला पोरांना पाठवणं त्याहून वाईट, कारण काठ कधी सुटेल सांगता येत नाही. तपासणी चांगली निघाली तर गावच्या मच्छीमार संस्थेने, काठ फोडलेल्या उथळ बाजूने, जाळं टाकावं. विदेशी मांगूर सोडू नये. तो बाकीचं सगळं खातो.